दाताचा गाभारा

देवांच्या पंक्तीत एक देव दात नसलेला आहे. दक्षाच्या यज्ञात वीरभद्राने जो संहार मांडला, त्यात पूषा देवाचे दात पडले; आणि म्हणून यज्ञात पूषाला जो हविर्भाग द्यावयाचा तो दळून, पीठ करून द्यावा, असे ब्राह्मणग्रंथांपासून चालत आले आहे. साखळीला वीरभद्राची स्वारी निघते तेव्हा तलवारी परजीत नाचणाऱ्या त्या वीराकडे पाहताना आम्हांला हटकून त्या बिचाऱ्या पूषाची आठवण होते. दात गेले म्हणून देवाला कोणी पंक्तीतून उठविले नाही. त्याचे अन्न मऊ करून वाढले. आपल्या पूर्वजांच्या या समजूतदारपणाचे आम्हांला नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

दात हा अवयव आपल्या परंपरेने कधीच क्षुद्र मानला नाही. प्रातःकाळच्या आन्हिकात दंतधावनाला स्वतंत्र स्थान आहे. कोणत्या झाडाची काडी घ्यावी, ती किती लांब असावी, कोणत्या तिथीला ती वर्ज्य, याचा विचार धर्मशास्त्राने बारकाईने केला. प्रतिपदा, षष्ठी, नवमी, अमावास्या आणि उपवासाचे दिवस यांना काडी लावू नये असे सांगितले खरे. परंतु त्या दिवशी तोंड तसेच ठेवावे असे मात्र कोठेही सांगितले नाही. काडीऐवजी पाण्याच्या बारा चुळा भराव्या, असा त्यावर तोडगा दिला आहे. ऋषिपंचमीला आघाड्याच्या काडीने दात घासण्याचा विधी आमच्या आजीच्या पिढीने निष्ठेने पाळला. सुश्रुतांनी मुखरोग पासष्ट मानले. त्यांतले आठ दातांचे आणि पंधरा दातांच्या मुळांचे. त्या आठांत कृमिदंत आहे. पुढे वाग्भटांनी दंतविद्रधीचेही नाव घेतले. विद्रधी म्हणजे पू धरणारे गळू. आजचे दंतवैद्य ज्याला ॲब्सेस म्हणतात, त्याच जातीचा हा विकार.

एवढी परंपरा पाठीशी असूनही आपल्या समाजात दातदुखीची गणना आजारात होत नाही. गुडघा दुखला तर माणूस डॉक्टरांकडे जातो. दाढ दुखली तर लवंगेकडे जातो. आमच्या देवस्थानच्या चौकात संध्याकाळी जी मंडळी जमतात, त्यांच्यात रक्तदाब आणि साखर यांच्या आकड्यांची देवघेव होते. दाताचा विषय निघाला की मात्र सारे हसतात. या हसण्यामागे एक पक्की समजूत आहे : दातदुखीने कोणी मरत नाही. ही समजूत खोटी आहे, आणि ती खोटी असल्याचे आम्ही फार जवळून पाहिले आहे. हा लेख लिहिण्याचे कारण तेच.

प्रथम दात म्हणजे काय ते पाहू. बाहेरून दिसतो तो केवळ कळस. त्यावरचे पांढरे कवच, दंतवल्क, हे मानवी शरीरातले सर्वांत कठीण द्रव्य होय. त्याच्या आत दंतिनाचा थर. तो दिसायला भरीव, परंतु त्यात आतून बाहेर जाणाऱ्या असंख्य सूक्ष्म नळ्या असतात. आणि सर्वांच्या आत, दाताच्या अगदी मध्यभागी, एक लहानशी पोकळी. या पोकळीत मऊ, जिवंत, लालसर असा गाभा असतो. त्यात रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतू असतात. देवळाचा प्राकार ओलांडून सभामंडपात यावे, सभामंडपातून चौकात आणि चौकातून गाभाऱ्यात, तशी ही रचना आहे. फरक इतकाच, की या गाभाऱ्याचा दरवाजा समोर नाही, तळाशी आहे. मुळाच्या टोकाशी सुईच्या अग्राएवढे छिद्र असते. त्यातूनच रक्त आत येते, त्यातूनच बाहेर जाते.

या रचनेतच दाताच्या दुखण्याचे सारे रहस्य आहे. हाताला काटा लागला की हात सुजतो. कातडी ताणते, सुजेला जागा मिळते. दाताचा गाभा सुजला तर त्याला जागा कोठली? चारी बाजूंनी दगडी भिंती आणि तळाशी सुईएवढे दार. आत दाब वाढतो, मज्जातंतू चिरडले जातात, आणि एवढ्याशा जागेत एवढी मोठी वेदना निर्माण होते की धट्टाकट्टा मनुष्य रात्रभर खोलीत येरझारा घालतो. आडवे झाले की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून ठणका रात्रीच अधिक.

गाभ्यापर्यंत रोग पोचतो कसा? पुष्कळ देशांत पुष्कळ शतके लोक मानीत आले की दातात खराच एक किडा शिरतो आणि तो दात पोखरतो. आपणही अजून 'दात किडला' असेच म्हणतो. पॅरिसचे दंतवैद्य पिअर फोशार यांनी १७२८ साली आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी असा किडा आपल्याला आढळला नसल्याचे लिहून ही कल्पना बाजूला सारली. मग १८९० मध्ये बर्लिन येथे काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी खरा उलगडा केला : तोंडातले सूक्ष्म जंतू साखर आणि पिष्ट पदार्थ आंबवतात, त्यातून आम्ल होते, आणि ते आम्ल दंतवल्क विरघळविते. १९२४ साली किलियन क्लार्क यांनी किडक्या दातांतून 'स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स' हा जंतू वेगळा काढला. तेव्हा कृमी हा शब्द अगदीच चुकला होता असे म्हणता येत नाही. कृमी होते, फक्त ते डोळ्यांना दिसण्याजोगे नव्हते.

साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली आणि किती वेळ दाताला चिकटून राहिली, याला अधिक महत्त्व आहे. स्वीडनमधील लुंड येथील एका मनोरुग्णालयात १९४५ पासून काही वर्षे यावर प्रयोग झाले आणि १९५४ साली ते प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबर गोड खाणाऱ्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी खाणाऱ्यांचे मात्र झपाट्याने किडले. हे प्रयोग त्या मनोदुर्बल रुग्णांच्या संमतीवाचून केलेले होते. आज असे करणे कोणी मान्य करणार नाही, आणि त्यांच्या दातांच्या मोलाने मिळालेले हे ज्ञान वापरताना त्यांचे स्मरण ठेवणे उचित होय. जत्रेतले खाजे तोंडात घोळवीत दिवसभर हिंडणाऱ्या मुलाच्या दातांत काय चालले असेल, ते यावरून समजावे. आम्ही खाज्याचे शत्रू नाही. परंतु गुळाचा चिकट पाक दाढेच्या खाचेत बसला की जंतूंची तेथे जत्रा भरते, ही गोष्ट खरी.

आजार हत्तीच्या पायाने येतो आणि मुंगीच्या पायाने जातो, अशी म्हण आहे. दाताचा आजार मात्र येतोच मुंगीच्या पायाने. प्रथम थंड पाणी झोंबते, क्षणभर, आणि थांबते. या वेळी गाभा चिडलेला असतो, परंतु जिवंत आणि सुधारण्याजोगा असतो. कीड कोरून काढली, खड्डा भरला की तो शांत होतो. हा पहिला टप्पा. दुसऱ्या टप्प्यात थंड किंवा गरम लागल्यावर उठलेली कळ मिनिटे न् मिनिटे थांबत नाही. काही वेळा कारणावाचूनच उठते, झोपेतून जागे करते. पुष्कळदा गरम चहाने ती वाढते आणि थंड पाण्याच्या गुळणीने तात्पुरती उतरते. या गाभ्याची सूज बहुधा माघारी फिरत नसते. तिसरा टप्पा सर्वांत फसवा. एके दिवशी दुखणे आपोआप थांबते. घरात आनंद होतो. कोणी लवंगेला श्रेय देतो, कोणी अंगाऱ्याला. वस्तुतः आतला मज्जातंतू मेलेला असतो, म्हणून तो ओरडत नाही. गाभाऱ्यात आता रक्त नाही, रक्त नाही म्हणून प्रतिकार नाही, आणि जंतूंना हवेवाचून वाढण्यास याहून सोयीची जागा नाही. ते तळाच्या दारातून जबड्याच्या हाडात उतरतात. तेथे शरीर त्यांच्याशी लढते आणि त्या लढाईचा चिखल म्हणजे पू साचतो. हीच दंतविद्रधी. आता दात किंचित उंच झाल्यासारखा वाटतो, चावताना दुखतो, हिरडी फुगते, गाल सुजतो.

या साऱ्याच्या मुळाशी जंतूच आहेत, हे १९६५ साली काकेहाशी, स्टॅन्ले आणि फिट्झगेराल्ड या तिघा संशोधकांनी अमेरिकेत एका सुंदर प्रयोगाने दाखविले. त्यांनी दोन जातींच्या वातावरणात उंदीर वाढविले : काही सर्वसाधारण, काही जन्मापासून संपूर्ण निर्जंतुक. दोहोंच्या दाढा कोरून गाभा उघडा पाडला आणि तसाच सोडला. त्यात अन्नाचे कणही जाऊन बसले. सर्वसाधारण उंदरांचे गाभे मेले, त्यांना गळवे झाली. निर्जंतुक उंदरांचे गाभे जगले. इतकेच नव्हे, तर त्यांनी जखमेवर नव्या दंतिनाचा पूल बांधून ती बंद केली. दात स्वतःला बरे करू पाहतो. जंतू त्याला तेवढा अवसर देत नाहीत.

आता आम्ही पाहिलेली गोष्ट सांगतो. फोंडा तालुक्यातील आमच्या देवस्थानात एक भटजी आहेत. वय पन्नाशीच्या आतबाहेर, आवाज खणखणीत. त्यांनी मंत्रपुष्प म्हटले की दीपस्तंभापाशी उभ्या असलेल्या माणसालाही शब्द न् शब्द कळतो. एका भाद्रपदात त्यांची खालची शेवटची दाढ पाच-सहा दिवस जीव घेत होती. मग ती थांबली. भटजी विसरले. माघात जत्रा आली. त्यांची पूजेची पाळी होती आणि त्यांनी अनुष्ठान धरले होते. पालखीच्या आदल्या दिवशी जबड्याखाली सूज आली. कोणी तरी घरात उरलेल्या जंतुनाशक गोळ्या आणून दिल्या. त्या त्यांनी दोन वेळा घेतल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा आवाज बदलला. तोंडात ऊन बटाट्याची फोड धरून बोलावे तसे मंत्र ऐकू येऊ लागले. लोकांना वाटले, उपासाने घसा बसला. परंतु त्यांना लाळही गिळवत नव्हती, तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हते आणि हनुवटीखालचा भाग लाकडासारखा घट्ट झाला होता.

अनुष्ठान मोडून उठावे की नाही, यावर चौकात खल सुरू झाला. कोणी म्हणाले, प्रसाद लावून देवाचा कौल घेऊ. पाकळ्या आणण्याची तयारीही झाली. तेवढ्यात भटजींची आई, ऐंशी ओलांडलेली बाई, अग्रशाळेच्या पायरीवरून उठून आली आणि म्हणाली, "देवाक विचारपाचें तें देवाक विचारात, दोतोराक विचारपाचें तें दोतोराक विचारात." त्यावर कोणी बोलले नाही. आम्ही गाडी काढली.

रुग्णालयात डॉक्टरांनी आधी दाताकडे पाहिलेच नाही. त्यांनी श्वास पाहिला. जिभेखालचा भाग सुजून जीभ वर आणि मागे ढकलली गेली होती. श्वासाची वाट अरुंद होत चालली होती. या प्रकाराचे वर्णन जर्मन शल्यवैद्य विल्हेल्म फ्रीड्रिख फॉन लुडविग यांनी १८३६ साली केले, आणि त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. खालच्या मागच्या दाढांची मुळे जबड्यातील एका स्नायूच्या पातळीखाली उतरलेली असतात. म्हणून तेथला पू तोंडात न फुटता गळ्याच्या कप्प्यांत पसरतो. श्वासाची वाट मोकळी ठेवणे, शिरेतून औषध देणे, हनुवटीखाली छेद घेऊन दाब मोकळा करणे आणि ती दाढ काढून टाकणे, हे सारे त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी झाले. भटजी वाचले. "आणखी काही तास गेले असते तर," एवढेच डॉक्टर म्हणाले, आणि वाक्य पुरे केले नाही.

सारेच असे वाचत नाहीत. अमेरिकेत मेरीलँड राज्यात २००७ साली बारा वर्षांचा एक मुलगा किडलेल्या दातातला संसर्ग मेंदूपर्यंत पोचून दगावला. वेळेवर एक दात काढण्याची सोय त्याच्या गरीब आईला करता आली नव्हती. सतराव्या शतकात लंडन शहरात दर आठवड्याला मृत्यूंच्या कारणांची यादी छापली जाई, त्यात 'दात' हे एक नित्याचे कारण असे. ज्या दुसऱ्या रामसेसपुढे मिसर देश वाकला, त्याच्या जबड्यातही अशा गळवाची खूण त्याच्या ममीत सापडली आहे. सम्राटाला जे मिळाले नाही ते आज तालुक्याच्या गावी मिळते. कलकत्त्यात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली हिंदुस्थानातले पहिले दंतमहाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे १९३३ मध्ये सुरू झाले. आणि आमच्या गोव्यात बांबोळीला १९८० पासून सरकारी दंतमहाविद्यालय आहे.

दंतवैद्य रोग ओळखतात कसा, हे ठाऊक असले तर भीती निम्मी होते. आम्ही स्वतः त्या खुर्चीवर बसलो आहो, म्हणून थोडे खुलासेवार सांगतो. पहिली गोष्ट, ते विचारतात फार. कळ थंडाने उठते की गरमाने, किती वेळ टिकते, रात्री जाग येते काय. या प्रश्नांना कंटाळू नये, कारण निदानाचा मोठा भाग येथेच होतो. दुसरी गोष्ट, तुम्ही दाखविलेल्या दातावर त्यांचा विश्वास नसतो. दाताच्या गाभ्याला कळ सांगता येते, ठिकाण सांगता येत नाही. खालच्या दाढेचे दुखणे वरच्या दाढेत किंवा कानात भासते. रोग मुळाभोवतीच्या भागात उतरला की मगच बोट नेमके पडते. उलटही घडते : चालताना, जिना चढताना डाव्या जबड्यात कळ येते आणि विश्रांतीने थांबते, तेव्हा दोष दाताचा नसून हृदयाचा असू शकतो.

मग कापसाच्या बोळ्यावर थंडगार औषध घेऊन ते दाताला टेकवतात, आधी शेजारच्या निरोगी दाताला आणि नंतर संशयिताला. निरोगी दात झिणझिणतो आणि काही क्षणांत शांत होतो. सुजलेला गाभा बराच वेळ ठणकतो. मेलेला गप्प राहतो. नंतर आरशाच्या दांड्याने दातावर हलकेच टकटक करतात. मुळाशी पू असेल तर तेवढ्यानेही डोळ्यांत पाणी येते. हिरडीच्या कडेने बारीक मापनसळई फिरवून गळू हिरडीचे की दाताच्या गाभ्याचे, हे ठरवितात. हिरडीवर पुळीसारखे तोंड पडून त्यातून पू झिरपत असेल, तर त्या वाटेने एक लवचिक काडी सरकवून चित्र घेतात. काडीचे टोक दोषी मुळाकडे बोट दाखविते. सुश्रुतांनी नाडीव्रणाचा माग काढण्यासाठी एषणी नावाची शलाका सांगितली आहे. युक्ती तीच, पाहणारा डोळा तेवढा नवा.

तो डोळा म्हणजे क्ष-किरण. राँटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरात ते शोधले आणि पुढच्याच जानेवारीत जर्मनीतील दंतवैद्य ओटो वाल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी त्यांना पंचवीस मिनिटे निश्चल पडून राहावे लागले. आज क्षणाच्या अंशात काम होते. मुळाच्या टोकाशी हाड विरघळले असेल तेथे काळसर छाया दिसते. परंतु गळू अगदी ताजे असेल तर हाड झिजण्यास अवधीच मिळालेला नसतो, आणि चित्र निर्दोष येते. म्हणून चित्रात काही नाही तेव्हा रोगही नाही, असे मानून उठू नये.

उपचाराचे सूत्र प्राचीनांना ठाऊक होते : पू आत ठेवू नये. कच्चे गळू फोडणारा आणि पिकलेल्या गळवाकडे दुर्लक्ष करणारा, दोघेही सुश्रुतांनी सारखेच निंद्य ठरविले आहेत. आजचा दंतवैद्य दातातूनच वाट करून किंवा हिरडीला लहान छेद देऊन पू वाहता करतो, आणि पू निघताच रुग्णाचा चेहरा पालटतो. पुढे दोन मार्ग. दात राखण्याजोगा नसेल तर काढणे. राखण्याजोगा असेल तर मुळातली नळी साफ करणे, ज्याला सारे रूट कॅनाल म्हणतात. माथ्याला छिद्र पाडून मेलेला गाभा बारीक कानशींनी खरवडून काढतात, सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने नळ्या पुनःपुन्हा धुतात, आणि त्या कोरड्या झाल्या की गटापर्चाने ठासून बंद करतात. लाळेतले जंतू आत जाऊ नयेत म्हणून दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणण्याची चाल सॅनफर्ड बार्नम यांनी न्यूयॉर्कमध्ये १८६४ साली काढली, ती अजून चालू आहे. असा दात ठिसूळ झालेला असतो. म्हणून दाढ असेल तर बहुधा तिच्यावर टोपी बसवितात. टोपीचा खर्च वाचविण्यासाठी पुष्कळ लोक येथेच थांबतात आणि वर्ष-दोन वर्षांत दाढ उभी चिरते.

वेदनेची धास्ती तर फारच जुनी झाली आहे. अमेरिकेतील दंतवैद्य होरेस वेल्स यांनी १८४४ साली हास्यवायू हुंगून स्वतःचा दात काढून घेतला, आणि स्वीडनमध्ये नील्स लोफग्रेन यांनी १९४३ साली लिडोकेन तयार केले. त्यानंतर दातावरची शस्त्रक्रिया बहुतांशी वेदनारहित झाली. मात्र पू भरलेल्या जागी आम्लता वाढलेली असल्याने बधिरीकरणाचे औषध नीट लागत नाही. दुखणे शिगेला पोचल्यावर जाणाराला सुई अधिक टोचावी लागते, याचे कारण हे.

गोळ्यांविषयी एक शब्द. औषध रक्ताबरोबर प्रवास करते, आणि मेलेल्या गाभ्यात रक्तच जात नाही. गोळ्यांनी आसपासची सूज उतरेल, गाभाऱ्यातले जंतू तेथेच राहतील. अमेरिकन दंतवैद्यकीय संघटनेने २०१९ साली स्पष्ट सल्ला दिला की, दातावर प्रत्यक्ष उपचार होऊ शकत असतील तर बहुतेक प्रकारच्या दातदुखीत जंतुनाशक गोळ्या देऊ नयेत. ज्वर, अस्वस्थता, पसरती सूज असेल तेथे त्या उपचारांच्या जोडीला द्याव्या. लवंगेचेही तसेच. तिच्यातील युजेनॉल मज्जातंतूला खरोखरच बधिर करते. दंतवैद्यही ते भरणाच्या मसाल्यात वापरीत आले आहेत. एक रात्र काढण्यास लवंग उत्तम. एक वर्ष काढण्यास ती कामाची नाही.

राहिला प्रश्न सोवळ्याचा, आणि आमच्या वाचकांत तो विचारणारे आहेत. भटजींनीही बरे झाल्यावर आम्हांला तो विचारला. दातात भरलेले द्रव्य घेऊन देवाला शिवावे काय? गटापर्चा हा मलायाकडील एका झाडाचा वाळविलेला चीक होय. त्यात अशुद्ध असे काय आहे? व्रतात औषध घ्यावे काय? ज्या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही म्हणून शास्त्राने सांगितले, त्यांत पाणी, मुळे, फळे, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि आठवे औषध आहे. भटजींना हे वचन आमच्याहून आधी पाठ होते. "पण ते दाताला लागू आहे, असे कधी मनातच आले नाही," असे ते म्हणाले. आपल्या सबंध समाजाची स्थिती त्यांच्या या एका वाक्यात आहे, असे आम्हांस वाटते. औषधाला धर्माची आडकाठी कधीच नव्हती; दात हा औषधाचा विषय आहे, हेच आपण मानले नाही. आता त्यांची एक दाढ कमी आहे. परंतु दंत्य वर्ण पुढच्या दातांवर उठतात, दाढेवर नव्हे, त्यामुळे मंत्रोच्चारात तसूभर फरक पडलेला नाही.

म्हणून थोडे लक्षात ठेवण्याजोगे. थंड पाणी झोंबले, तर त्याच पंधरवड्यात दंतवैद्याला दाखवावे. तेव्हाचे काम थोड्या वेळाचे आणि थोड्या पैशाचे असते. भयंकर दुखणारा दात एकाएकी शांत झाला, तर अधिकच लगबगीने जावे. सुजेबरोबर ताप असेल, गिळता येत नसेल, तोंड उघडत नसेल, आवाज बदलला असेल, सूज जबड्याखाली किंवा डोळ्याकडे पसरत असेल, तर सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्यावे. मधुमेही माणसाने तर यांपैकी एकाही लक्षणाची थट्टा करू नये.

आमच्या देवस्थानात त्या जत्रेनंतर एक लहानसा पालट झाला आहे. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अग्रशाळेच्या पडवीत दोन दंतवैद्य बसतात आणि येईल त्याचे तोंड पाहतात. पहिल्या वर्षी मोजकी माणसे आली. सर्वांत पुढे भटजींची आई, तोंडात एकही दात नसताना, केवळ इतरांची भीड मोडावी म्हणून बसली होती. गेल्या वर्षी रांग तळीच्या पायऱ्यांपर्यंत गेली. पंचखाजे बंद करा असे कोणी म्हटले नाही आणि म्हणूही नये. प्रसाद घ्यावा, तो जेवणाबरोबर, एकदा आणि मनापासून. रात्री फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासूनच निजावे. आणि जत्रेत ब्रश जवळ नसेल तर निदान शास्त्राने सांगितलेल्या बारा चुळा भराव्या. त्या तळीत नव्हे, नळावर.